कोलॅजन वाढवणारी फिलर्स: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

"जे सगळ्यात जास्त टिकतं तेच द्या." दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्या बऱ्याच जणी, आणि हल्ली बरेच पुरुषही, हे वाक्य घेऊनच खुर्चीत बसतात. मिक्सर घेताना वॉरंटी विचारावी तसं. बोलणं असतं ते फिलरबद्दल, म्हणजे चेहऱ्याचा ओसरलेला भराव परत आणायला कातडीखाली टोचतात त्या इंजेक्शनबद्दल. मी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे समुपदेशक म्हणून काम करते. इंजेक्शन मी देत नाही. ते घ्यायचं का, कोणतं आणि कधी, हे लोकांशी बोलून घेणं हे माझं काम. पहिल्यांदा घेणाऱ्याने टिकाऊपणा शेवटी बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. आधी बघायचं ते हे, की मनासारखं झालं नाही किंवा काही बिघडलं तर ते निस्तरता येतं का. कोलॅजन म्हणजे त्वचेला भरीव, घट्ट ठेवणारं प्रथिन; ते वाढवणाऱ्या फिलर्सची मेख नेमकी तिथेच आहे, आणि खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: नेमकं काय खटकतंय ते ठरवा

"चेहरा सुधारायचाय" एवढ्यावर कुठलाही प्रामाणिक डॉक्टर सुई उचलणार नाही. भुवया आक्रसल्या की मध्ये उभ्या पडणाऱ्या रेषा, डोळ्यांच्या कडेच्या बारीक चुण्या या स्नायूंच्या हालचालीने पडतात. त्यावर बोटॉक्स चालतं, फिलर नाही. वांग, मुरमांचे काळे डाग हा रंगाचा प्रश्न, त्यासाठी सनस्क्रीन, क्रीम, पील. हनुवटीखालची कातडी खरोखरच लोंबत असेल तर ती इंजेक्शनने वर जात नाही. तशी हमी कोणी देत असेल तर तिथून उठावं.

उरते ती तक्रार लोक वेगळ्याच शब्दांत सांगतात. चेहरा उतरलाय. गालफडं बसलीत. बरं वाटत नाही का, असं सगळे विचारतात. बघितलं तर कानशिलाशी खळगा पडलेला असतो, गालांचा भराव ओसरलेला असतो, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल गेलेली असते, जबड्याची कड पुसट झालेली असते. कोलॅजन फिलर्सचं खरं क्षेत्र हे. तरुणपण सरल्यावर त्वचेतलं कोलॅजन दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटतं असं मानलं जातं, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत बायकांच्या त्वचेतलं जवळपास ३० टक्के कोलॅजन कमी होतं. पन्नाशीच्या आसपास "एकदम म्हातारी दिसायला लागले" असं वाटतं ते उगाच नाही.

अलीकडे एक नवा गट यात आला आहे. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात अधिकृतपणे आली, तेव्हापासून झपाट्याने वजन उतरलेले आणि त्यासोबत गालही उतरलेले लोक येऊ लागले. त्यांना आम्ही आधी थांबायला सांगतो. वजनाचा काटा काही महिने एका जागी राहू द्या. अजून दहा किलो उतरायचे असतील तर आज भरलेला गाल उद्याच्या चेहऱ्याला शोभेलच असं नाही.

पहिल्या भेटीला जाताना दहाएक वर्षांपूर्वीचा, मेकअप नसलेला एखादा फोटो सोबत न्या. नटीचा फोटो दाखवण्यापेक्षा आपलाच जुना चेहरा दाखवला तर कुठे काय कमी झालंय ते डॉक्टरांना लगेच दिसतं.

पायरी २: हे आत जाऊन काय करतं ते समजून घ्या

साधं फिलर म्हणजे हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल. जिथे टोचलं तिथे जागा भरते, परिणाम त्याच दिवशी दिसतो, आणि नको वाटलं तर हायल्युरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचून एकदोन दिवसांत बरंचसं विरघळवता येतं.

कोलॅजन फिलर्सची चाल वेगळी. यात बारीक कण असतात, काही दहा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शरीर त्यांना परकं समजतं. साफसफाई करणाऱ्या पेशी त्यांच्याभोवती गोळा होतात, पण कण मुद्दामच इतके मोठे ठेवलेले असतात की त्या पेशींना ते गिळता येत नाहीत. मग त्या जागी सौम्य, बाहेरून न जाणवणारा दाह चालू राहतो, कोलॅजन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी जाग्या होतात आणि कणांभोवती नवं कोलॅजन विणलं जातं. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कण झिजून जातात, कोलॅजन आणखी काही काळ राहतं.

म्हणजे तुमचा गाल शेवटी तुमचंच शरीर भरतं, डॉक्टर त्याला फक्त चिथावणी देतात. त्यामुळे परिणाम सावकाश येतो आणि तो प्रत्येकीत सारखा येत नाही. आणि एकदा चिथावणी दिली की ती मागे घेण्याचं औषध नाही. हायल्युरॉनिडेज इथे काही करत नाही, कारण विरघळवायला हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच नसतं.

पायरी ३: चार मुख्य प्रकारांची ओळख करून घ्या

पहिलं पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड, म्हणजे पीएलएलए; सगळ्यांना माहीत असलेलं ब्रँडनाव स्कल्प्ट्रा. शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके याच घराण्यातल्या पदार्थांचे बनतात. याचा इतिहास सौंदर्याच्या दुकानातून सुरू होत नाही. एचआयव्हीच्या सुरुवातीच्या औषधांनी, त्यातही स्टॅव्ह्युडिनने, रुग्णांच्या गालांतली चरबी नाहीशी व्हायची आणि निव्वळ चेहऱ्यावरून लोक आजार ओळखायचे. भारतात २००४ साली सरकारी मोफत उपचार सुरू झाले तेव्हा स्टॅव्ह्युडिन त्या औषधांत होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, स्कल्प्ट्राला मान्यता दिली ती या बसलेल्या गालांसाठी. वयाने पडणाऱ्या घड्यांसाठीची मान्यता २००९ मध्ये मिळाली आणि गालांच्या सुरकुत्यांसाठीची २०२३ मध्ये.

स्कल्प्ट्राचे कण ४० ते ६३ मायक्रॉनचे. ते पाण्यात कालवून टोचतात, म्हणून उठताना गाल छान भरलेला दिसतो आणि मग तीन-चार दिवसांत ते पाणी शरीरात जिरून गाल पुन्हा होता तसा. चौथ्या-पाचव्या दिवशी "पैसे पाण्यात गेले" म्हणून येणारा फोन मला पाठ झालाय. खरं काम चार ते सहा आठवड्यांनी जाणवू लागतं आणि पुढचे काही महिने वाढत राहतं. साधारण दोन ते तीन बैठका, मध्ये चारेक आठवड्यांचं अंतर, आणि परिणाम दोन वर्षांच्या आसपास. एका ठिकाणची घडी पुसण्यापेक्षा एकूणच सुकलेल्या चेहऱ्याला हे जास्त मानवतं.

दुसरं कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट, ब्रँडनाव रेडिएस. हाडांत आणि दातांत असतं तेच खनिज, पण प्रयोगशाळेत बनवलेलं. २५ ते ४५ मायक्रॉनचे गुळगुळीत गोल कण, ३० टक्के. बाकी ७० टक्के वाहक जेल. या जेलमुळे भराव त्याच दिवशी दिसतो. दोन-तीन महिन्यांत जेल जिरतं आणि तोवर कोलॅजनने जागा धरलेली असते, म्हणून मधली निराशा कमी. एफडीएची मान्यता २००६ सालची, हातांच्या पाठीसाठी २०१५ ची. टिकतं वर्ष ते दीड वर्ष. जबड्याची कड आखायला हे उत्तम, कारण जेल घट्ट असतं. सलाइन घालून बरंच पातळ केलं की भराव जवळजवळ मिळत नाही, पण मानेची किंवा गळ्याखालची सुरकुतलेली त्वचा सुधारायला तसं वापरतात. दवाखान्यात "हायपरडायल्यूट" असा शब्द कानावर आला तर तो हाच.

तिसरं पॉलिकॅप्रोलॅक्टोन, ब्रँडनाव एलान्से. मूळ नेदरलँड्सचं, युरोपात २००९ पासून. अमेरिकेच्या एफडीएची मान्यता याला नाही. रेडिएससारखीच रचना, ३० टक्के कण आणि ७० टक्के जेल, म्हणजे भराव लगेच. याच्या एस, एम, एल आणि ई अशा आवृत्त्या आहेत आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्या अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार वर्षं काम करतात. रेणूची साखळी जितकी लांब तितकं झिजायला उशीर, एवढंच त्यामागचं तंत्र. "जास्त टिकतं ते द्या" म्हणणाऱ्यांना ही यादी फार आवडते.

चौथं पीएमएमए नावाचं प्लॅस्टिक, अमेरिकेतलं ब्रँडनाव बेलाफिल. मोतीबिंदूच्या शिबिरांत वर्षानुवर्षं बसवली गेलेली टणक भिंगं याच प्लॅस्टिकची. हे कण कधीच झिजत नाहीत. ते ज्या जेलमध्ये असतात ते गाई-बैलांच्या कोलॅजनपासून केलेलं असतं, म्हणून महिनाभर आधी हातावर अ‍ॅलर्जीची चाचणी करावी लागते. शाकाहारी किंवा जैन घरातल्या माणसाला ही गोष्ट आधी कळायला हवी, आणि ती आपणहून सांगितली जातेच असं नाही. वरच्या तिन्हींत प्राणिजन्य काही नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याने पीएमएमएकडे वळूच नये.

यांच्या आजूबाजूला कोरियातून आलेली गर्दी आहे. जुवेलुक, लेनिस्ना ही पॉली-डीएल-लॅक्टिक अ‍ॅसिडची, स्कल्प्ट्राच्या चुलत घराण्यातली. रिजुरान म्हणजे सामन माशापासून मिळवलेले पॉलिन्यूक्लिओटाइड, डीएनएचे तुकडे. ते त्वचेचा पोत सुधारण्यासाठी असतं, गाल भरण्यासाठी नाही. रील्समध्ये सगळ्यालाच "कोलॅजन इंजेक्शन" म्हणतात, म्हणून समोर जे सुचवलं जाईल त्याच्या घटकाचं नाव कागदावर लिहून मागा. ब्रँडनाव पुरेसं नाही.

पायरी ४: आता "बिघडलं तर" हा प्रश्न विचारा

काय बिघडू शकतं? सूज, ठणका, सुईच्या जागी काळंनिळं पडणं हे होतंच आणि आठ-दहा दिवसांत जातं. त्याला बिघडणं म्हणत नाहीत. खरा त्रास गाठींचा. कण एका जागी साचले तर बोटाला लागणारी, कधी डोळ्यांनाही दिसणारी कडक गाठ होते. लवकर लक्षात आली तर सलाइन टोचून, चोळून ती फोडता येते. उशिरा, म्हणजे महिन्यांनी किंवा वर्षांनी उठणारी दाहाची गाठ, ग्रॅन्युलोमा, जास्त चिवट. तिच्यात स्टेरॉइड, कधी पेशींची वाढ रोखणारं ५-फ्लुरोयुरॅसिल टोचावं लागतं आणि काहीच चाललं नाही तर कापून काढावं लागतं. चेहऱ्यावर.

स्कल्प्ट्राच्या सुरुवातीच्या काळात गाठी बऱ्याच व्हायच्या. तेव्हा ती कमी पाण्यात, दाट कालवून आणि फार वरच्या थरात दिली जायची. आता जास्त पाणी, खोल थर आणि बैठकांमध्ये अंतर यामुळे प्रमाण खूप खाली आलं आहे. म्हणजे गाठ होणं न होणं बऱ्याच अंशी देणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

आता टिकाऊपणाकडे पुन्हा बघा. जे चार वर्षं टिकतं ते चुकीच्या जागी पडलं तर चार वर्षं चुकीच्या जागी टिकतं. चेहरा तोवर थांबत नाही. हाडं, चरबी, त्वचा सगळं सरकत असतं, आणि पंचेचाळिशीत बरोबर बसलेला भराव पन्नाशीत विचित्र दिसू शकतो.

म्हणून आमच्याकडे मी असं सुचवते, अर्थात अंतिम शब्द डॉक्टरांचा. आयुष्यात कधीच काही टोचून घेतलं नसेल आणि मनात धाकधूक असेल, तर पहिलं फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं घ्या, तेही थोडंसं. आपल्या चेहऱ्यावर असा बदल आपल्याला आवडतो का ते कळेल, आणि नाही आवडला तर परत फिरता येईल. ते आवडलं, कोलॅजनकडे जायचंय आणि जबड्याची कड किंवा गालाचं हाड उठावदार हवं असेल तर रेडिएस; वर्ष-दीड वर्षात ओसरतं ही पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी जमेची बाजू आहे. चेहरा सगळीकडून सुकलाय, धीर धरता येतो आणि चटकन कोणाच्या नजरेत यायला नको, तर स्कल्प्ट्रा. एलान्से घ्यायचंच असेल तर एस. एल आणि ई हे नवख्यांसाठी नाहीतच.

पायरी ५: चेहऱ्यावरच्या निषिद्ध जागा पाठ करा

ओठ. डोळ्यांखालचा खळगा. नाक. दोन भुवयांमधली जागा. कोलॅजन वाढवणारं काहीही इथे घेऊ नका, कोणी कितीही स्वस्तात देऊ केलं तरी. ओठ सतत हलतात, त्यात कण गोळा होऊन गाठी होतात. डोळ्यांखालची त्वचा इतकी पातळ की बारीकशी गाठही उन्हात दिसते.

नाक आणि भुवयांमधली जागा याहून गंभीर. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून वाहिनीत शिरलं आणि उलट वाहत डोळ्यामागे पोचलं तर दृष्टी जाऊ शकते. असं क्वचित होतं. पण हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच्या बाबतीत निदान एन्झाइम हाताशी असतं. रेडिएस किंवा स्कल्प्ट्राच्या बाबतीत तेही नाही.

चांगल्या जागा म्हणजे गाल, कानशिलं, जबडा, ओठांच्या कोपऱ्यांखालच्या घड्या. कानशिलातही मोठ्या वाहिन्या आहेत, तेव्हा तिथे अनुभवी हातच हवा.

पायरी ६: माणूस निवडा, मग जागा

पार्लरमध्ये, हॉटेलच्या खोलीत भरणाऱ्या "ब्यूटी कॅम्प"मध्ये, मैत्रिणीच्या घरी हे घ्यायचं नाही. देणारी व्यक्ती त्वचारोगात एमडी किंवा डीव्हीडी, डीडीव्ही झालेली असावी, किंवा प्लॅस्टिक सर्जरीत एमसीएच. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" ही पाटी कोणीही लावू शकतं. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लिहिणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रातला असेल तर तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर घालून बघता येतो. संकोच वाटत असेल तर घरी जाऊन बघा.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये "व्हॅम्पायर फेशियल" घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं सीडीसीने, म्हणजे तिथल्या केंद्रीय आरोग्य संस्थेने, २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. तो प्रकार फिलरचा नव्हता, स्वतःच्या रक्ताचा होता, पण वापरलेल्या सुया आणि निनावी कुप्या हा धोका दोन्हीकडे सारखाच.

डॉक्टरांना तोंडावर विचारायचे प्रश्न असे. हे नेमकं उत्पादन तुम्ही किती काळ वापरताय? तुमच्या रुग्णांना गाठी झाल्या का, आणि तुम्ही त्या कशा घालवल्या? रक्तवाहिनी बंद पडली तर इथे काय सोय आहे, आणि रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? "माझ्याकडे असं कधी होतच नाही" हे उत्तर मला स्वतःला फार अस्वस्थ करतं. भरपूर काम करणाऱ्याला कधी ना कधी गाठ भेटलेली असते.

आणि खोकं तुमच्यासमोर उघडलं पाहिजे. बाहेरून आणलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. आतल्या बॅचच्या चिकटपट्ट्यांपैकी एक तुमच्या फाइलवर लागते. दुसरी मागून घ्या किंवा फोनवर फोटो काढा. आधीच भरून ठेवलेली सिरिंज कोणी घेऊन आलं तर नम्रपणे नाही म्हणा. ऑनलाइन मागवलेली कोरियन कुपी घेऊन "फक्त टोचून द्या" म्हणणारेही येतात. आमच्या डॉक्टर मॅडम त्यांना चहा पाजतात आणि परत पाठवतात.

पायरी ७: तारखा आणि पैसे एकत्र मांडा

लग्नासाठी म्हणून येणारे बहुतेक जण उशिरा येतात. वैशाखातल्या लग्नात गाल भरलेले हवे असतील तर स्कल्प्ट्राची पहिली बैठक दिवाळीच्या आसपास व्हायला हवी. मग डिसेंबरात दुसरी, जानेवारीत लागली तर तिसरी, आणि मार्च-एप्रिलपर्यंत चेहरा स्थिरावतो. केळवणं सुरू झाल्यावर आठवण आली तर यंदा स्कल्प्ट्रा नको. रेडिएस चालेल, पण तेही कार्याच्या महिनाभर आधी, म्हणजे सूज, डाग उतरायला वेळ मिळतो. हळदीच्या आठवड्यात चेहऱ्याला काहीही टोचून घ्यायचं नाही.

पैशांच्या बाबतीत एका कुपीचा किंवा सिरिंजचा भाव विचारून उपयोग नाही. संपूर्ण कोर्सचा आकडा मागा: एकूण कुप्या किती, बैठका किती, दर बैठकीची फी वेगळी का, वर्षाने डागडुजी लागेल का. दर दहा वर्षांच्या वयामागे स्कल्प्ट्राची एक कुपी असा एक ठोकताळा दवाखान्यांत ऐकू येतो. तो नियम नाही. चाळिशीतल्या भरल्या चेहऱ्याला एक-दोन पुरतात आणि धावपटूच्या सुकलेल्या चेहऱ्याला तिशीतही जास्त लागतात. तिन्ही बैठकांचे पैसे पहिल्याच दिवशी भरायला लावणारं "पॅकेज" मात्र घेऊ नका. पहिल्या बैठकीला शरीर कसा प्रतिसाद देतं ते पाहूनच दुसरीत किती लागेल हे ठरतं.

पायरी ८: आधीचा पंधरवडा

डॉक्टरांपासून काही लपवू नका. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल तर हे पुढे ढकला. चेहऱ्यावर पिकलेले मुरूम, नागीण, दाताचा गळू असं काही चालू असेल तर ते बरं होऊ द्या. जखमेवर वाढणारा व्रण, म्हणजे केलॉइड, अंगावर कुठेही असेल तर दाखवा. संधिवात, ल्यूपस यांसारखे रोगप्रतिकारशक्तीचे आजार असतील तर आधी त्या डॉक्टरांशी बोलणं व्हायला हवं, कारण हे फिलर काम करतं तेच मुळी प्रतिकारशक्तीला चाळवून. पूर्वी कधी कुठे काही टोचून घेतलं असेल, विशेषतः सिलिकॉन किंवा "परमनंट" म्हणून काही, तर तेही सांगा.

दाताचं मोठं काम दोन आठवडे आधी उरकून घ्या, नाहीतर नंतर दोन आठवडे थांबा. तोंडातले जंतू रक्तातून फिलरपर्यंत पोचू शकतात. माशाच्या तेलाच्या गोळ्या, ई जीवनसत्त्व यांनी काळंनिळं जास्त पडतं, त्या आठवडाभर बंद ठेवल्या तर बरं. पण हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, म्हणजे नाहीच. ज्यांनी ती दिली त्यांना विचारा.

पायरी ९: प्रत्यक्ष त्या दिवशी

आधी फोटो. समोरून, दोन्ही तिरक्या बाजूंनी आणि दोन्ही कडांनी, एकाच उजेडात, मेकअप न करता. सावकाश येणारा बदल रोज आरशात बघणाऱ्याला दिसत नाही, म्हणून हे फोटो लागतात.

स्कल्प्ट्राची कुपी पहिल्यांदा बघणाऱ्याला ती रिकामीच वाटते. तळाशी पांढऱ्या भुकटीची पातळ वडी चिकटलेली असते, बस्स. त्यात इंजेक्शनचं पाणी सोडून ती हलवतात आणि वर पांढरा फेस चढतो. कंपनीच्या आताच्या सूचनेप्रमाणे ८ मिलिलिटर पाणी आणि वाटल्यास १ मिलिलिटर लिडोकेन, भुलीचं औषध. फेस सिरिंजमध्ये आला की सुई तुंबते, म्हणून कुपी कलती धरून फेसाखालचं पाणीच ओढून घेतात. टोचायच्या आधी सिरिंज पुन्हा हलवतात, कारण कण तळाशी बसायला लागलेले असतात. हे सगळं निवांत चाललेलं दिसलं तर समाधान माना. घाईत कालवलेल्या कुपीतले कण गुठळ्या धरतात, आणि त्या गुठळ्या पुढे गालात सापडतात.

मॅडम बसलेल्या स्थितीत चेहऱ्यावर पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करतात. आडवं पडलं की गाल मागे सरकतो आणि खळगा खोटा दिसतो. भूल क्रीम पाऊण तास. मग एका छिद्रातून कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची बारीक नळी, आत सरकवतात. दुखण्यापेक्षा कातडीखाली काहीतरी सरकल्याची कुरकुर जाणवते, आणि ती अनेकांना दुखण्याहून नकोशी वाटते. आधी माहीत असलं की दचकायला होत नाही.

त्या वेळी असह्य दुखलं, एखादा भाग पांढराफट पडला किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर गप्प बसू नका. लगेच बोला.

पायरी १०: घरी गेल्यावर

स्कल्प्ट्राला पाचाचा नियम: पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच मिनिटं चोळायचं. थोडं मॉइश्चरायझर घेऊन तळव्याने, गोलाकार, हाडावर दाब जाणवेल इतपत. पाच वेळा कुठून जमणार असं सगळ्याच विचारतात. फोनवर गजर लावा. ऑफिसात असाल तर वॉशरूममध्ये. रेडिएस आणि एलान्सेला मात्र उलट: भराव जिथे बसवलाय तिथेच राहायला हवा, तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात लावू नका. मैत्रिणीला सांगितलेला नियम आपल्याला लावून घेणं इथे महागात पडतं.

पहिले दोन दिवस जिम, वाफ, सौना, दारू नको. बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळंनिळं पडलेल्या जागी नंतर काळसर डाग रेंगाळतो, म्हणून सनस्क्रीन रोज, ढगाळ पावसातही.

पुढचे काही तास आणि एकदोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं ते असं: वाढत जाणारी वेदना, फिकट पडलेली आणि मग जाळीदार निळसर-जांभळी झालेली त्वचा, त्यावर बारीक फोड. हे वाहिनी अडल्याचं लक्षण असू शकतं. रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा. दृष्टी धूसर झाली किंवा एका डोळ्याने दिसेनासं झालं तर फोनवर वेळ न घालवता नेत्रविभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा. तिथे प्रश्न मिनिटांचा असतो. महिन्यांनी एखादी जागा लाल, गरम, टणक झाली तरी दाखवा. कधी ताप-सर्दीनंतर जुन्या फिलरच्या जागी अशी सूज येते.

दुसरी बैठक ठरलेल्या तारखेच्या आधी मागू नका. "अजून काहीच दिसत नाही, थोडं आणखी भरा" या आग्रहातूनच चेहरे फुगलेले दिसायला लागतात, कारण पहिलं कोलॅजन तेव्हा कुठे विणलं जात असतं.

बॅचची ती चिकटपट्टी, घटकाचं नाव, तारीख आणि कुठे किती टोचलं याचा आराखडा घरच्या वैद्यकीय फाइलमध्ये ठेवा. रेडिएस घेतलं असेल तर सायनससाठी किंवा दातांसाठी सीटी स्कॅन करताना ते आधी सांगा. त्यातलं कॅल्शियम स्कॅनमध्ये पांढरं उमटतं, आणि माहिती नसलेल्या रेडिओलॉजिस्टला ते भलतंच काहीतरी वाटू शकतं.